समुद्रकाठचे महानगर आणि त्याचा शेजारी



समुद्रकाठच्या शहरातील वन्य प्राण्यांचा विषय पाटनच्या व्यासपीठावर कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. येथून समुद्र शेकडो किलोमीटरवर आहे. येथल्या माणसाच्या ओळखीचे पाणी ते हिरनचे आणि पुढे नर्मदेचे. परंतु जबलपूर परिसरातील मराठी घरांतून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मुंबईला गेलेल्यांचे संसार आज बोरिवली, कांदिवली, मुलुंड, ठाणे अशा उपनगरांत थाटलेले आहेत, आणि नेमक्या त्याच उपनगरांच्या परसदारी बिबटे राहतात. शिवाय बिबट्या हा प्राणी जबलपूरकरांना परका नाही. डुमनाच्या जंगलात, खमरियाच्या आयुधनिर्माणीच्या परिसरात तो दिसल्याच्या वार्ता अधूनमधून येतच असतात. मुंबईने या शेजाऱ्याबरोबर राहताना जे सोसले आणि जे शिकले, ते म्हणूनच येथे सांगण्यासारखे आहे.

मुंबई आणि ठाणे यांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०३ चौरस किलोमीटर. तीन बाजूंनी दाट वस्तीने वेढलेले असे जंगल जगातल्या फार थोड्या महानगरांच्या वाट्याला आले आहे. त्याच्या पोटात कान्हेरीची लेणी आहेत, जेथे दोन हजार वर्षांपूर्वीपासून भिक्षूंचा वावर होता. आणि मुंबईची तहान भागविण्यासाठी बांधलेले विहार व तुळशी हे तलाव आहेत. विहारचे बांधकाम १८६० मध्ये पूर्ण झाले. हे जंगल आजवर राहिले, त्याचे पुष्कळसे श्रेय या तलावांच्या पाणलोटाला द्यावे लागते. शहराला प्रथम पाणी हवे होते. झाडे आणि श्वापदे त्याच्या आश्रयाने वाचली.

बृहन्मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली ती १९५७ मध्ये. म्हणजे ज्या पिढीने या शाळेची पहिली घंटा ऐकली, त्या पिढीच्या तारुण्यात बोरिवली हे भातखाचरांचे आणि ताडीच्या झाडांचे गाव होते. पुढे इमारती आल्या, आणि इमारतींच्या आधी व नंतर झोपड्या आल्या. वृत्तपत्रे मात्र आजही ‘बिबट्या शहरात शिरला’ असाच मथळा देतात. या एका क्रियापदात मोठा अन्याय दडलेला आहे. शिरले ते कोण, हे १९५७ पूर्वीचा नकाशा पाहिला की कळते.

२०१५ साली आपोआप टिपणारे कॅमेरे लावून या उद्यानाच्या परिसरात गणना झाली, तेव्हा ३५ बिबटे आढळले. नंतरच्या गणनांत हा आकडा पन्नाशीच्या आसपास गेला. एवढ्याशा जंगलात इतके बिबटे कसे तग धरतात, याचे अर्धे उत्तर जंगलातल्या चितळ-सांबरांत आहे आणि उरलेले जंगलाबाहेरच्या उकिरड्यात. न उचललेल्या कचऱ्यावर भटकी कुत्री आणि डुकरे पोसली जातात, आणि त्यांच्यावर बिबट्या पोसला जातो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला होता की, मुंबईचे बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खातात आणि त्यामुळे श्वानदंशाचे शेकडो प्रकार टळत असावेत. अंदाज तो अंदाजच; पण ज्या प्राण्याला केवळ संकट मानले जाते तो नकळत पालिकेचे एक काम करीत असतो, हे ऐकून करमणूक झाल्यावाचून राहत नाही.

करमणुकीचा भाग येथे संपतो. २००४ हे साल मुंबईच्या उपनगरांना विसरता येण्यासारखे नाही. त्या एका वर्षात वीसच्या आसपास माणसे बिबट्यांच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडली, आणि त्यांतल्या बऱ्याच घटना जून महिन्याच्या आसपास एकापाठोपाठ घडल्या. बळी पडलेले बहुतेक जण उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांतले होते आणि त्यांत मुलांची संख्या मोठी होती. घरात शौचालय नाही, वस्तीत दिवा नाही, म्हणून तिन्हीसांजेला किंवा पहाटे झुडपांआड जाऊन बसावे लागणारी ती माणसे. उभे माणूस बिबट्या सहसा टाळतो. वाकलेली किंवा उकिडवी बसलेली आकृती अंधारात त्याला लहान सावजासारखी भासते. म्हणजे ज्या हल्ल्यांना क्रूर निसर्गाचे कृत्य म्हटले गेले, त्यांच्या मुळाशी पुष्कळदा नसलेली एक मोरी आणि न लागलेला एक दिवा होता.

त्या वेळी लोकांनी जी मागणी केली ती समजण्यासारखी होती: पिंजरे लावा, बिबटे पकडा, लांब नेऊन सोडा. वन खातेही तेच करीत आले होते. परंतु या उपायाचे फळ पुणे जिल्ह्यात जुन्नरला आधीच दिसले होते. तेथे उसाच्या शेतांत बिबटे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथल्या नोंदी तपासल्या. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. बिबटे मोठ्या प्रमाणात पकडून जवळपासच्या जंगलांत सोडण्याचा उपक्रम सुरू झाल्यावर ते सरासरी १७ वर गेले, आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. कारण उघड आहे. अनोळखी मुलखात टाकलेले, पिंजऱ्यात माणसांच्या गराड्याने बिथरलेले जनावर आपले घर शोधू लागते, वाटेत माणसे भेटतात. इकडे त्याची रिकामी झालेली हद्द दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या बळकावतो. मुंबईच्या उद्यानातही बाहेरून पकडून आणलेले बिबटे सोडण्यात आले होते. एका गावचे भय दुसऱ्या गावच्या अंगणात नेऊन टाकण्याला उपाय म्हणता येत नाही.

या संदर्भात ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली आहे. २०१४ मध्ये त्याच नावाचा मराठी चित्रपटही आला. हा वयस्क नर २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढून, गळ्यात मागोवा घेणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. तेथून तो निघाला तो महामार्ग, कसाऱ्याजवळचा लोहमार्ग, वसईची खाडी ओलांडीत, सुमारे १२० किलोमीटर चालून, महिन्याभराच्या आत मुंबईच्या उद्यानापाशी पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केल्याची नोंद नाही. वस्त्यांच्या कडेने तो रात्री निघून जाई आणि लोकांना पत्ताही लागत नसे. पुढे २०११ च्या अखेरीस घोडबंदर रस्त्यावर एका वाहनाची धडक बसून तो मेला.

२०११ मध्येच उद्यानाच्या प्रशासनाने अभ्यासक, पत्रकार आणि सामान्य नागरिक यांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. त्यातून जे काम झाले ते दिसायला अगदी साधे होते. बिबट्या दिसला म्हणजे हल्ला झाला असे नव्हे, हे लोकांना समजावून सांगणे. पत्रकारांच्या कार्यशाळा घेणे, म्हणजे ‘नरभक्षक’ हा शब्द ऊठसूट छापला जाणार नाही. बिबट्या एखाद्या इमारतीत अडकला तर गर्दी आवरण्याचे काम पोलिसांचे आणि जनावर सोडविण्याचे काम वन खात्याचे, ही वाटणी पक्की करणे. कारण अशा प्रसंगी जखमा बहुधा गर्दीमुळे होतात. आणि घराघरांत रुजवायच्या सवयी: अंधारात लहान मुलाला एकटे न सोडणे, जाताना मोठ्याने बोलणे, विजेरी बाळगणे, कचरा उघड्यावर न टाकणे, बिबट्या समोर आला तर पाठ फिरवून न पळणे. यांतल्या कोणत्याही गोष्टीला बंदूक लागत नाही. २००४ सारखे वर्ष मुंबईवर पुन्हा आले नाही, यात या उपक्रमाचा वाटा मोठा आहे.

तरीही ही कथा येथेच थांबविली तर ती अर्धसत्य ठरेल. उद्यानाला लागून आरे दुग्ध वसाहत आहे. त्या हिरव्या पट्ट्यात वारली व इतर आदिवासींचे सत्तावीस पाडे आहेत. मुंबईकरांना आरे ठाऊक असते ते मेट्रोच्या कारशेडवरून झालेल्या आंदोलनामुळे. छायाचित्रकार नयन खानोलकर यांनी तेथल्या एका पाड्याच्या गल्लीतून चाललेल्या बिबट्याचे टिपलेले छायाचित्र २०१६ साली जागतिक वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत नागरी विभागात सर्वोत्तम ठरले. चित्र अप्रतिमच आहे. परंतु ज्या गल्लीचे ते कौतुक झाले, त्या गल्लीतून रोज रात्री पाणी घेऊन जाणारी बाई त्या कौतुकात कोठे दिसली नाही. २०२१ च्या पावसाळ्याच्या शेवटी आरेत हल्ल्यांची मालिका झाली. २०२२ मध्ये ऐन दिवाळीच्या पहाटे तेथे सोळा महिन्यांची एक मुलगी बिबट्याने उचलून नेली आणि ती वाचली नाही.

सहजीवन हा शब्द सभांमध्ये फार गोड वाटतो. बाराव्या मजल्यावरच्या गच्चीतून बिबट्या पाहणाऱ्याला तो परवडतो, कारण त्याची किंमत त्याला द्यावी लागत नाही. किंमत देतो तो ज्याच्या दाराला कडी नीट लागत नाही, ज्याच्या रस्त्यावर दिवा लागत नाही. एखाद्या शहराने वन्य प्राण्यांशी जमवून घेतले की नाही, हे त्या दारापाशी उभे राहूनच ठरवले पाहिजे. आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली, हे चांगलेच झाले. पाड्यांतली शौचालये आणि पथदिवे यांचा त्याच तत्परतेने विचार व्हायला हवा, कारण बिबट्याचे संरक्षण आणि त्या लेकरांचे संरक्षण ही दोन निरनिराळ्या खात्यांची कामे राहिली की दोन्ही अपुरी पडतात.

स्वतः वारल्यांनी या शेजाऱ्याबद्दल काय ठरवले आहे, हेही ऐकण्यासारखे आहे. त्यांच्याकडे वाघोबा हा देव आहे; वाघ आणि बिबट्या या दोघांनाही तो सामावून घेतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदविली गेली. अकोले भागातील महादेव कोळी अश्विन वद्य द्वादशीला, ज्या दिवशी अन्यत्र वसुबारस असते, त्या दिवशी वाघबारस पाळतात. शहरी मंडळी यात कधी अंधश्रद्धा पाहतात, कधी भाबडे निसर्गप्रेम. दोन्ही समजुती उथळ आहेत. वाघोबाची पूजा हा एक प्रकारचा करार असतो: आमची गुरे, आमची माणसे राख, आम्ही तुझा मान राखू. बकरी गेली तर करारात कोठे चूक झाली याचा शोध घेतला जातो. जनावराचा निर्वंश करावा असे मनात येत नाही. या करारात भीती आहे, आणि ती लपविलेली नाही.

जबलपूरचे जंगल आणि मुंबईचे जंगल सारखे नाही. येथे वस्ती अजून विरळ आहे, आणि पाटनकडे तर नजर जाईल तिकडे गहू आणि मटाराची शेते आहेत. पण शहर डुमनाच्या दिशेने वाढत आहे, नव्या वसाहतींच्या मागे कचऱ्याचे ढीग साचू लागले आहेत, त्या ढिगांवर कुत्री आली आहेत. पुढचा पाहुणा कोण हे मुंबईच्या उदाहरणावरून सांगता येते. तो येईल तेव्हा पहिली मागणी पिंजऱ्याचीच होईल. त्या दिवशी नगरपालिकेच्या सभेत किंवा वसाहतीच्या बैठकीत या शाळेचा एखादा माजी विद्यार्थी बसलेला असेल, तर त्याने पिंजऱ्याच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात: वसाहतीमागचा कचरा किती दिवसांनी उचलला जातो, आणि जंगलाच्या कडेला जी शेवटची झोपडी आहे, तिच्यापर्यंत दिवा पोहोचला आहे का.