भाडं सरकारचं, घर मालकाचं



ज्यांना बाजारभावाने घर परवडत नाही, त्यांच्यासाठी सरकारने घरं बांधायची की खासगी मालकाच्या घरात त्यांची सोय लावून भाडं भरायचं? आयर्लंडने गेली वीस वर्षं दुसरी वाट धरली आहे. पन्नास लाखांवर वस्तीचा हा देश. मालवणजवळच्या वराड गावाशी नातं असलेले लिओ वराडकर 2017 साली तिथे पंतप्रधान झाले, तेव्हा घरांचा प्रश्न ऐरणीवर होता, आणि तो अजूनही सुटलेला नाही.

1975 साली तिथल्या काउन्सिलांनी, म्हणजे स्थानिक संस्थांनी, आठ हजारांवर घरं बांधली होती. 2015 साली हा आकडा शंभरही नव्हता. मधल्या काळात बांधलेली पुष्कळ घरं भाडेकरूंनाच सवलतीत विकली गेली आणि 2008 च्या मंदीनंतर बांधकामाचा पैसा आटला. नोकरी गेलेल्या माणसाला चार महिने हात द्यावा म्हणून 1977 पासून भाडेमदत मिळत असे. लोक त्याच मदतीवर वर्षानुवर्षं राहू लागले.

म्हणून 2004 साली नवी योजना आली. दीड वर्षाहून अधिक काळ मदतीवर असलेल्या कुटुंबासाठी काउन्सिल स्वतः मालकाशी करार करी. भाडं थेट मालकाच्या खात्यात जाई, भाडेकरू ऐपतीप्रमाणे आपला वाटा काउन्सिलकडे भरी. मालकाने घर काढून घेतलं, तर दुसरं शोधायची जबाबदारी काउन्सिलची. मला ही योजना मोलाची वाटते ती या शेवटच्या अटीमुळे.

2014 च्या कायद्याने आणलेल्या योजनेत हीच अट गळाली. घर भाडेकरूनेच शोधायचं, करारही त्यानेच करायचा. काउन्सिल फक्त भाडं भरणार. एक गोष्ट मात्र चांगली झाली: पूर्णवेळ नोकरी लागली म्हणून मदत तुटत नाही. जुन्या भाडेमदतीत ती तुटत असे. पण या योजनेत गेलेल्या कुटुंबाची घराची गरज भागली असं कायदा धरतो आणि त्याचं नाव मुख्य प्रतीक्षायादीतून निघतं. पुढे अशी कुटुंबं साठ हजारांच्या घरात गेली. यादी आखूड झाली, घरं तेवढी वाढली नाहीत.

आता हिशेब पाहा. डब्लिनमध्ये दोन मुलांच्या आईसाठी 2016 साली ठरलेली भाड्याची मर्यादा महिना 1,275 युरो. काउन्सिलला ती 35 टक्क्यांपर्यंत वाढवता येते, म्हणजे सुमारे 1,720. समजा, घराचं भाडं 2,000 आहे. वरचे 280 युरो त्या आईने मालकाला द्यायचे, शिवाय काउन्सिलला भरायचा तिचा वाटा वेगळा. तो थकला, तर काउन्सिल मालकाचं भाडं थांबवू शकतं. म्हणजे मदतीवर असलेली बाई दोन्हीकडून देणेकरी.

एवढं करूनही घर टिकेलच असं नाही. मार्च 2026 आधीच्या भाडेकरारात मालकाला घर विकायचं असलं, तर रीतसर नोटीस देऊन तो भाडेकरूला उठवू शकतो. 2022 च्या हिवाळ्यात सरकारने भाडेकरूंना असं उठवण्यावर तात्पुरती बंदी घातली. 31 मार्च 2023 ला ती उठली. मग मालक विकायला काढतो ते घर काउन्सिलनेच विकत घ्यायचं आणि भाडेकरूला तिथेच राहू द्यायचं, यावर भर आला. इतकी वर्षं भाडं भरून शेवटी घर विकत घ्यायची वेळ आली, ती आधीच बांधलं असतं तर बहुधा आली नसती.

खासगी घरं वापरूच नयेत असं माझं म्हणणं नाही. बांधकामाला वर्षं लागतात आणि आज रात्री मुलांना छप्पर हवं असतं. पण काउन्सिलचा दीर्घ मुदतीचा करार आणि प्रतीक्षायादीतली जागा या दोन गोष्टी सोडल्या, तर कुटुंब मालकाच्या मर्जीवर राहतं. आपल्याकडेही झोपडपट्टी पुनर्वसनात घर रिकामं केलेल्यांचं भाडं विकासक थकवतात आणि माणसं रस्त्यावर येतात. उद्या आपल्या शहरात भाड्याच्या घरांची योजना जाहीर झाली, तर भाडं किती मिळणार हे मागाहून विचारा. मालकाने घर काढून घेतलं तर दुसरं कोण देणार, याचं उत्तर आधी लेखी मागा.