कापलेलं वाक्य



या संमेलनाचं अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. माझ्याहून योग्य माणसं होती असं म्हणायची रीत आहे, तीही पाळतो. पत्रिकेत माझ्या नावापुढं 'समीक्षेच्या दहा वर्षांचा आढावा' असं छापलंय. टाचणं काढून आणली होती. पण काल दुपारच्या परिसंवादात 'लिटल बॉय'वरून जी जुंपली, ती ऐकून टाचणं पिशवीत गेली. माझ्या खिशात नऊ वर्षं तेवीस शब्दांचं एक वाक्य आहे, ते आज बाहेर काढणार आहे.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आलेहांद्रो मोंतेवेर्दे या मेक्सिकन दिग्दर्शकाचा हा २०१५चा चित्रपट. कॅलिफोर्नियातलं एक गाव, दुसरं महायुद्ध. थोरल्या मुलाचे तळपाय सपाट, म्हणून सैन्यात त्याला घेत नाहीत. त्याच्याऐवजी बाप जातो आणि फिलिपिन्समध्ये पकडला जातो. धाकटा पेपर वयाच्या मानानं फारच बुटका, गाव त्याला 'लिटल बॉय' म्हणून चिडवतं. मोहरीएवढी श्रद्धा असली तर डोंगर हलतो, हे तो चर्चमध्ये ऐकतो. पाद्री त्याला कामांची यादी देतो: भुकेल्याला जेवू घाल, उघड्याला कपडे दे, तुरुंगात भेटायला जा, मेलेल्याला माती दे. वर स्वतःच्या हातानं आणखी एक काम लिहितो. गावातल्या हाशिमोतो या जपानी म्हाताऱ्याशी दोस्ती कर. हे ज्या देशात चाललंय, त्यानं १९४२च्या हुकुमानंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाची माणसं छावण्यांत कोंबली होती, त्यातली बहुसंख्य अमेरिकेचीच नागरिक. युद्ध संपून बाप परत यावा म्हणून पोरगं समुद्राकडं हात रोखून जोर लावतं. आणि ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर जो बॉम्ब पडतो, त्याचंही नाव 'लिटल बॉय'.

आता भांडण. समीक्षकांनी चित्रपट झोडपला. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर शंभरात तीसच्या आसपास. प्रेक्षकांनी सिनेमास्कोअरच्या पत्रिकेवर 'ए' दिला. आमचे एक प्राध्यापकमित्र काल म्हणाले, हा भक्तीच्या वेष्टनात बांधलेला अणुबॉम्ब आहे. दुसरे म्हणाले, प्रेक्षक मायबाप, त्याचा कौल अखेरचा. दोघांनाही टाळ्या पडल्या. दोघांनीही एकाही प्रेक्षकाचा चेहरा पाहिलेला नव्हता.

मायबापवाल्यांना आधी सांगतो. सिनेमास्कोअरच्या पत्रिका पहिल्या रात्री थिएटरबाहेर पडणाऱ्यांच्या हाती देतात. पहिल्या रात्री श्रद्धेचा चित्रपट बघायला कोण जातं? ज्याची श्रद्धा आहे तो. वारीला निघालेल्याला विठ्ठल आवडतो का, असं विचारण्यातला हा प्रकार. शिवाय या मायबापानं चित्रपटाचा खर्चही तिकीटबारीवर काढून दिला नाही.

आणि प्रचार म्हणून नाक मुरडणाऱ्यांना विचारतो, 'संत तुकाराम'मधलं विमान तुम्हाला कसं चालतं? १९३६चा प्रभातचा चित्रपट, दामले-फत्तेलालांचा. विष्णुपंत पागनीस सदेह वैकुंठाला जातात आणि आपण त्याला अभिजात म्हणतो, कारण पुढच्याच वर्षी व्हेनिसला त्याची वाखाणणी झाली. 'जय संतोषी माँ'ला लोक चपला काढून बसले, पडद्यावर नाणी उधळली, तेव्हा मात्र आपण हसलो. अहो, फाळकेमास्तरांना हा नाद लागला तोच मुळी मुंबईत येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहून! पडद्यावर ख्रिस्त होता, त्यांना राम-कृष्ण दिसायला लागले. पुढच्या खेळाला ते पत्नीला घेऊन गेले. त्या दिवशी थिएटरात एखादा समीक्षक असता तर त्यानं ख्रिस्ताच्या दाढीवर दोन परिच्छेद लिहिले असते आणि शेजारच्या खुर्चीत काय घडतंय ते त्याच्या गावीही नसतं.

आता माझं दुखणं. साताऱ्याकडच्या आमच्या गावी मी पस्तीस वर्षं फिल्म सोसायटी चालवतो. वाचनालयाच्या माडीवर खुर्च्या मांडायच्या, पडद्या-बिडद्यांनी अंधार करायचा, चहा सांगायचा. मी खेळ पडद्यापाशी उभा राहून, प्रेक्षकांकडं तोंड करून बघतो. सुरुवातीला लोकांना वाटायचं, तिकिटं मोजतोय. 'लिटल बॉय' लावला त्या रविवारी साठेक माणसं होती. बॉम्बची बातमी येते, गाव त्या पोराला डोक्यावर घेतं, आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी शेवटच्या रांगेतल्या निवृत्त नर्सबाई, जन्मानं ख्रिस्ती, दर रविवारी न चुकता प्रार्थनेला जाणाऱ्या, उठून दाराशी गेल्या.

कालच्या दोन्ही वक्त्यांच्या हिशेबानं हे उलटं व्हायला हवं होतं.

चहाच्या वेळी विचारलं. टाळ्या वाजवणाऱ्या बाईंचा मुलगा तेव्हा लष्करात, उधमपूरला होता. त्या म्हणाल्या, "मला बॉम्ब-बिम्ब कळला नाही हो. आता त्याचा बाप घरी येणार, एवढंच कळलं." नर्सबाई कितीतरी वेळ कप हातात धरून होत्या. मग म्हणाल्या, "एवढ्याशा पोरावर गावानं केवढं ओझं टाकलं!" चित्रपटातही नेमकं तेच आहे. आनंद ओसरतो, पोरगं स्वप्नात त्या जळालेल्या शहरातून चालतं, कैदेतला बाप आता परत येणं आणखी अवघड झालं, हे त्याला कळतं. बॉम्बचं समर्थन म्हणणाऱ्यांनी हा भाग पाहिलाच नाही. पुढं दिग्दर्शक कच खातो, मेल्याची खबर आलेल्या बापाला जिवंत परत आणतो, सगळं गोड करतो. तिथं मीही मार्क कापतो. पण मधली दहा मिनिटं खरी आहेत आणि ती मला त्या दोन बायांनी दाखवली.

त्या दोघींचं हे मी परीक्षणात एका वाक्यात लिहिलं. एका दैनिकानं परीक्षण छापलं, ते वाक्य तेवढं कापलं. फोन केला तर उत्तर आलं, "हॉलमध्ये काय झालं ती बातमी झाली, परीक्षण नव्हे." मी त्या दैनिकात पुन्हा लिहिलं नाही. त्यांचं काही अडलं नाही, माझं मानधन तेवढं बुडालं.

तेव्हा माझी मागणी अशी की प्रत्येक सोसायटीनं एक वही ठेवावी. कोण कुठं हसलं, कोण उठून गेलं, चहाला काय म्हणालं. ती कोणी लिहायची, कुठं जपायची, हे कार्यकारिणीनं बसून ठरवावं. माझ्याजवळ त्याचा आराखडा नाही आणि वेळही संपत आलीय. पुढच्या संमेलनात आढावा घ्यायचा तर त्या वह्यांवरून घ्या, माझ्यासारख्याच्या टाचणांवरून नको.

ते वाक्य वाचतो आणि बसतो. "बॉम्बच्या बातमीवर पहिल्या रांगेतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, शेवटच्या रांगेतल्या बाई उठून दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि दिवे लागले तेव्हा दोघींचेही डोळे ओले होते."