गढूळ पाण्याचा हिशेब
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू कॉम्प्युटरवाली, एआयवर बोल," असं आयोजकांनी सुचवलं होतं. मी चिखलावर बोलणार आहे. हसू नका! आपल्यातल्या दोघी-तिघी लग्न होऊन किनाऱ्यावरच्या गावांत गेल्या. आपल्या ग्रुपवर वाढवण बंदराचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "तिकडचा समुद्र मुळातच गढूळ. आणखी थोडा गाळ मिसळला तर माशांचं काय बिघडणार?"

प्रश्न रास्त आहे. पावसाळ्यात आपली तानसा चहाच्या रंगाची होते. तेच पाणी वैतरणेतून समुद्राला मिळतं. डहाणूकडे भरती-ओहोटीची ओढ जबर, तळाचा गाळ सतत ढवळत असतो. बोंबील तर गढूळ पाण्यातच वाढतो. म्हणजे गाळ हे काही विष नव्हे.

मग बिघडतं कुठे? मोठा मासा गाळ दिसला की पळतो. अडकला तर कल्ल्यांवर कण बसतात, श्वास कोंडतो. पण अंडी कुठे पळणार? अनेक समुद्री माशांची अंडी पाण्यात तरंगतात. त्यांना कण चिकटले की ती जड होऊन तळाशी जातात. नुकती फुटलेली पिल्लं डोळ्यांनी भक्ष्य शोधतात. गढूळ पाण्यात त्यांना काही दिसत नाही, ती उपाशी मरतात. हे मरण कुणाच्या जाळ्यात येत नाही. ते कळतं पुढच्या हंगामात, जाळं रिकामं आल्यावर.

न्यूकोम्ब आणि जेन्सन या शास्त्रज्ञांनी १९९६ साली गाळाच्या परिणामांची ० ते १४ अशी मोजपट्टी मांडली. त्यांच्या नोंदी मुख्यतः साल्मनसारख्या माशांच्या, तेव्हा तो आकडा पापलेटला जसाच्या तसा लावू नये. पण त्यांचा मुद्दा मला पटतो: नुसतं गाळाचं प्रमाण पुरत नाही, तो किती वेळ टिकला हेही धरावं लागतं. थोडा गाळ पुष्कळ दिवस राहिला तरी तो भारी पडतो.

वाढवणला जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तिथे समुद्रात १,४४८ हेक्टर भराव होणार आहे. डेन्मार्क-स्वीडनमधला ओरेसुंड पूल (२००० साली सुरू झाला) बांधताना उपसलेल्या गाळापैकी पाण्यात सांडणाऱ्या भागाला ५ टक्क्यांची मर्यादा होती आणि त्यावर सतत मोजमाप होतं. बांधकाम होऊनही हिशेब ठेवता येतो, एवढं त्यातून दिसतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. सर्व्हरची महिन्याची सरासरी झकास दिसते, पण ज्या दोन तासांत तो झोपतो त्याच वेळी लोकांचे पैसे अडकतात. गाळाचंही तसंच. म्हणून किनाऱ्यावरच्या मैत्रिणींनो, कुणी सरासरी दाखवली तर रोजचे, तासातासाचे आकडे मागा. माशांच्या विणीच्या महिन्यांतले तर नक्कीच. आकडे हाती आले की मला पाठवा, आलेख मी काढून देईन.