सोलापुरातील लष्करी अंमल



सोलापूरच्या लष्करी कायद्याचा विषय निघाला की आपण चार हुतात्म्यांना वंदन करतो आणि तेथेच थांबतो. आज मला थोडे त्यामागे जावयाचे आहे. बंदोबस्तासाठी लष्कर आणावे लागले, असे ब्रिटिश सरकारचे म्हणणे होते. परंतु बंदोबस्त नेमका कशाचा करावयाचा होता?

६ एप्रिल १९३० रोजी सोलापूरच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज उभारला. येथे पंचायतींचे अनेक सभासद बसले आहेत. परक्या अमलात एका स्थानिक संस्थेने हे करणे म्हणजे काय, हे त्यांना निराळे सांगावयास नको. पुढे ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि शहर खवळले. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्यावरून तंग वातावरण निर्माण झाले व पोलिसांनी गोळीबार केला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात धारातीर्थी पडला. जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी व न्यायालयाची इमारत पेटवून दिली. पोलीसही मारले गेले, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस मात्र विलक्षण होते. पोलीस शहरातून निघून गेले आणि काँग्रेसचे स्वयंसेवक रहदारीची व्यवस्था पाहू लागले. सरकारला खरा धक्का बसला तो येथे, असे माझे मत आहे.

१२ मे रोजी लष्कराने शहराचा ताबा घेतला. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचा वटहुकूम निघाला तो १५ मे रोजी! अंमल आधी, अधिकार मागाहून. कचेरीच्या कामाची सवय असलेल्यांना हा क्रम खटकल्यावाचून राहणार नाही. राष्ट्रध्वज बाळगणे हा गुन्हा ठरला, लोकांच्या डोक्यांवरील गांधी टोप्या उतरविण्यात आल्या. रामकृष्ण जाजूंसारखे पुढारी तुरुंगात गेले. शांत झालेल्या शहरात सशस्त्र सैनिक हिंडत होते, ते टोपीच्या आणि ध्वजाच्या शोधात.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ पत्राचे संपादक कुर्बान हुसेन यांच्यावर पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवण्यात आला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली. लष्करी कायदा ३० जून १९३० रोजीच उठविण्यात आला होता.