नाव एक, पुरुष अनेक



वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील या गावाला नुसते ‘शिरपूर’ म्हणून भागत नाही. धुळे जिल्ह्यातही शिरपूर आहे. म्हणून अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या या गावाच्या नावाला ‘जैन’ हे उपपद जोडले गेले. गावांच्या बाबतीत सहज पाळली जाणारी ही दक्षता माणसांच्या बाबतीत मात्र सुटते, आणि मग दोन आयुष्ये एकमेकांत मिसळून जातात.

व्यवस्थापनाच्या वादामुळे १९८१ पासून बंद असलेले येथील मंदिर २०२३ साली उघडले. चार दशकांनंतर येणाऱ्या नव्या पिढीच्या यात्रेकरूला तीर्थाची कथा आता पुन्हा सांगावी लागेल. ती नेमकी कोणाची, हे आधी निश्चित व्हावयास हवे.

आख्यायिकेचा नायक आहे अचलपूरचा एल राजा. कुष्ठाने ग्रासलेला हा राजा एका जलाशयाच्या पाण्याने व्याधिमुक्त होतो आणि तेथेच त्याला पार्श्वनाथांची मूर्ती लाभते. मूर्ती नेताना मागे वळून पाहावयाचे नाही, ही अट. वाटेत राजाचा विश्वास डळमळतो, तो वळून पाहतो आणि मूर्ती जागच्या जागी अधांतरी स्थिर होते. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात या तीर्थाची कथा नोंदविली. त्यात राजाचे नाव आहे श्रीपाल.

जैन घरांमध्ये मात्र श्रीपाल म्हणताच आठवतो तो चंपानगरीचा राजपुत्र, मयणासुंदरीचा पती. चैत्र आणि आश्विनातील ओळीच्या दिवसांत त्याचेच चरित्र वाचले जाते. तोही कुष्ठरोगी, तोही रोगमुक्त. साहजिकच ऐकणारा दोघांना एक समजतो. परंतु चंपेच्या श्रीपालाला बरे केले ते सिद्धचक्राच्या आराधनेने, तळ्याने नव्हे. परंपरा त्याला विसावे तीर्थंकर मुनिसुव्रत यांच्या काळात ठेवते. एल राजा मध्ययुगातला. दोघांना एक केले की मयणासुंदरीची निष्ठा बाजूला पडते आणि एल राजाचे ते अगदी माणसासारखे वळून पाहणेही हरवते. वस्तुतः कथेप्रमाणे त्या एका चुकीमुळेच तीर्थ अचलपूरला न होता शिरपूरला झाले!

मूर्तीच्या प्रतिष्ठेविषयीही हेच. श्वेतांबर परंपरेनुसार विक्रम संवत ११४२ मध्ये, म्हणजे इ.स. १०८५-८६ च्या सुमारास, अभयदेवसूरींच्या हस्ते प्रतिष्ठा झाली. अभयदेवसूरी म्हणताच अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते नऊ अंगग्रंथांवर वृत्ती लिहिणारे आचार्य. त्यांच्याही चरित्रात त्वचारोग आहे, पार्श्वनाथांची मूर्ती आहे आणि स्नात्रजलाने आलेला उतारा आहे. ती मूर्ती मात्र गुजरातेतील स्तंभन पार्श्वनाथांची. शिवाय या वृत्तिकारांचे निधन परंपरा संवत ११३५ किंवा ११३९ मध्ये सांगते. मग ११४२ च्या प्रतिष्ठेला ते कसे असतील?

शिरपूरशी जोडलेले अभयदेवसूरी निराळे. ते मलधारी. त्यांची मळकी वस्त्रे पाहून गुजरातच्या राजाने त्यांना हे बिरुद दिले, असे सांगतात. राजदरबारी मळक्या वस्त्रांचे बिरुद व्हावे, यातच त्या काळाची उंची दिसते. गंमत अशी की या मलधारींचे शिष्य हेमचंद्र आणि सिद्धराज जयसिंहासाठी व्याकरण रचणारे प्रसिद्ध हेमचंद्राचार्य हे समकालीन असूनही भिन्न आहेत. तेथेही ‘मलधारी’ हा एकच शब्द गुंता सोडवितो.

असा गुंता केवळ धर्मकथांत होतो असे नव्हे. जिल्ह्याचे ठिकाण असलेले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक वंशात प्रवरसेन नावाचे तीन राजे झाले. पहिला सम्राट, दुसरा नंदिवर्धन शाखेचा, ज्याच्या नावावर ‘सेतुबंध’ हे प्राकृत काव्य आहे, तिसरा वत्सगुल्म शाखेचा. विंध्यशक्तीही दोन. दोन शाखांचे राजे एकाच वंशावळीत बसविण्याचा प्रयत्न विद्वानांनी बराच काळ केला. १९३९ मध्ये वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला आणि वत्सगुल्मची शाखा स्वतंत्र असल्याचे स्पष्ट झाले. त्याच्या आधारे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेला लेख पुन्हा वाचला. तेथे त्यांना सापडला सर्वसेन: पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र आणि वाशीमच्या शाखेचा मूळ पुरुष.