शेतावरील इंटरनेटसाठी दुसरी वाट



कृषिविद्या शिकविणाऱ्या माणसाने राऊटरवर बोलावे याचे आपणापैकी काहींना नवल वाटेल. परंतु हरितगृहातील पंखे आणि फॉगर, ठिबकमधून खते देणारा संच, शीतगृहाचे तापमान, निर्यातीच्या मालाची नोंद ही कामे आता थोड्याफार प्रमाणात इंटरनेटशी बांधली गेली आहेत. निर्यातक्षम द्राक्षबागांचा मागोवा ठेवणारी अपेडाची ग्रेपनेट पद्धत २००६ च्या सुमारास आली. ई-नामचा आरंभ १४ एप्रिल २०१६ रोजी झाला. तेव्हापासून जोडणी तुटणे म्हणजे केवळ गैरसोय राहिलेली नाही. माल क्रेटमध्ये भरून तयार असतो, गाडी दारात उभी असते आणि नोंद मात्र पुढे सरकत नाही.

हरितगृहधारकांची अडचण याहून मोठी आहे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पंखे बंद पडले तर बंदिस्त हरितगृहातील तापमान थोड्याच वेळात पिकाला सोसवणार नाही इतके चढते. अशा वेळी मोबाईलवर इशारा यावा म्हणून आपण संच बसवितो. परंतु इंटरनेट बंद असेल तर इशारा येत नाही आणि इशारा आला नाही म्हणजे सर्व ठीक आहे असा आपला समज होतो. म्हणून पहिली शिफारस अशी की, पंखे, फॉगर व पंप चालू-बंद करण्याचा निर्णय संचाने जागेवरच घेतला पाहिजे, त्यासाठी इंटरनेटची वाट पाहता कामा नये. दुसरी शिफारस अशी की, संचाला दर तासाला ‘सर्व ठीक’ असा निरोप पाठवावयास लावावा. तो निरोप चुकला की शेतावर फोन करावा. एवढे केल्यावरच दुसऱ्या जोडणीचा विचार करावा.

दुसरी जोडणी घेणे सोपे आहे. फायबर आहेच, त्याला एक सिमकार्डचा फोर-जी मोडेम जोडला की झाले, असे दुकानदार सांगतो. खरी अडचण पुढे आहे: पहिली वाट बंद झाली हे ओळखावयाचे कोणी आणि कसे?

आपल्याकडे पाटाचे पाणी आहे आणि विहीरही आहे असे समजा. पाटाचे दार उघडे आहे, परंतु वर दोन मैलांवर पाट फुटला आहे. दारे धरणारा गडी फक्त दार उघडे आहे की नाही एवढेच पाहत बसला तर त्याच्या लेखी सर्व सुरळीत आहे. वाफे मात्र कोरडे. गड्याने शेवटच्या वाफ्यात पाणी पोचले की नाही ते पाहावयास हवे, आणि नसेल तर विहिरीचा पंप सुरू करावयास हवा. स्वस्त राऊटरपैकी बरेच असे फक्त दार पाहणारे असतात. फायबरची तार कंपनीच्या पांढऱ्या पेटीत येते आणि त्या पेटीतून एक वायर आपल्या राऊटरला जाते. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली तरी पेटी आणि राऊटर यांच्यामधली वायर जिवंतच असते. राऊटरचा दिवा हिरवा राहतो आणि सिमकार्डची वाट तशीच पडून राहते. ‘दोन जोडण्यांचा राऊटर’ असे खोक्यावर लिहिलेले असले तरी तो तपासणी नेमकी कशी करतो, हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

ही तपासणी नीट करून घेण्यासाठी लिनक्सवर चालणारा राऊटर सोयीचा पडतो. लिनक्स ही मोफत मिळणारी, खुली संगणक प्रणाली आहे. २००३ साली लिंकसिस कंपनीच्या एका राऊटरचा कार्यक्रम परवान्याच्या अटीमुळे खुला करावा लागला आणि त्यातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज अनेक साध्या राऊटरवर ती प्रणाली चढविता येते. मात्र खरेदीपूर्वी आपले मॉडेल तिच्या यादीत आहे याची खात्री करून घ्यावी. जुना संगणक व दोन नेटवर्क कार्डे यांवरही हेच काम होते, पण वीज फार खातो म्हणून शेतावर मी त्याची शिफारस करणार नाही.

लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वाटेला एक क्रमांक देता येतो, त्याला मेट्रिक म्हणतात. ज्या वाटेचा आकडा लहान ती आधी वापरली जाते. फायबरला १० आणि सिमकार्डला २० द्यावे. दोन्हींना एकच आकडा देऊ नये. राऊटरमधून वायर उपटली तर फायबरची वाट आपोआप बाद होते, परंतु वर सांगितल्याप्रमाणे प्रत्यक्षात वायर उपटली जात नाही, पाटच फुटलेला असतो. म्हणून ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एमवॅन-३ नावाचा जोड-कार्यक्रम बसवावा. तो प्रत्येक वाटेतून ठरावीक वेळाने बाहेरच्या एखाद्या पत्त्याला हाक मारतो (यालाच पिंग म्हणतात) आणि उत्तर येते की नाही ते पाहतो.

हाक कोणाला मारावयाची हे महत्त्वाचे आहे. आपल्याच कंपनीच्या जवळच्या यंत्राचा पत्ता देऊ नये, कारण त्याच्या पुढचा मार्ग तुटला तरी ते यंत्र उत्तर देतच राहते. दूरचे, वेगवेगळ्या संस्थांचे दोन पत्ते द्यावेत. क्लाऊडफ्लेअरचा १.१.१.१ आणि गुगलचा ८.८.८.८ हे दोन पत्ते सर्वसाधारणपणे वापरले जातात (राऊटरमध्ये हे आकडे इंग्रजी अंकांत टाकावेत). दोहोंपैकी एकाने जरी उत्तर दिले तरी वाट चालू समजावी, असे ठरवून द्यावे. म्हणजे एखादा पत्ता काही कारणाने गप्प बसला तर राऊटर उगाच वाट बदलणार नाही.

दर दहा सेकंदांनी एक हाक, लागोपाठ तीन हाका फुकट गेल्या तर वाट बंद, आणि पुन्हा चालू समजण्यासाठी लागोपाठ सहा उत्तरे, हे प्रमाण शेतासाठी पुरेसे आहे. याप्रमाणे साधारण अर्ध्या मिनिटात सिमकार्डवर काम सुरू होते आणि फायबर पूर्ववत झाल्यावर एक मिनिट खात्री करूनच राऊटर परत जातो. परत जाण्यास जास्त वेळ मुद्दाम ठेवावा. पावसाळ्यात वाऱ्याने तार हलू लागली की जोडणी दर मिनिटाला जाते-येते. अशा वेळी राऊटरही इकडून तिकडे उड्या मारू लागला तर दोन्ही जोडण्या असून कोणतेच काम पुरे होत नाही.

वाट बदलली तरी जुनी चालू कामे काही वेळ त्याच बंद वाटेत अडकून राहतात. एमवॅन-३ मध्ये वाट तुटताच जुन्या जोडण्यांच्या नोंदी पुसण्याची सोय आहे, ती चालू करावी. तरीही बँकेचा व्यवहार नेमका त्या क्षणी चालू असेल तर पुन्हा बटण दाबू नये. रक्कम गेली की नाही हे आधी खात्यावर पाहावे. तसेच नावावरून पत्ता शोधून देणारा, ज्याला डीएनएस म्हणतात, तो फक्त फायबर कंपनीचाच ठेवलेला असेल तर सिमकार्डच्या वाटेवरून तो बहुधा उत्तर देत नाही. मग हाकेला उत्तर येते, पण एकही पान उघडत नाही, आणि माणूस गोंधळून जातो. राऊटरला दोन्ही वाटांवरून चालणारा डीएनएस द्यावा.

कॅमेऱ्यांचा प्रश्न स्वतंत्र आहे. दोन मेगाबिट वेगाने सतत चित्र पाठविणारा एक कॅमेरा तासाला सुमारे ९०० मेगाबाईट खातो. सिमकार्डला रोज दीड गीगाबाईटची मर्यादा असेल तर ती पावणेदोन तासांच्या आत संपते आणि मग हरितगृहाचा इशारा अडकतो. म्हणून कॅमेऱ्यांसाठी वेगळा नियम करून त्यांना फक्त फायबरवरच जाऊ द्यावे. फायबर बंद तर कॅमेरे बंद, हे मान्य करावे. आणखी एक गोष्ट अशी की, बहुतेक सिमकार्डांवर आपल्याला स्वतःचा असा बाहेरून दिसणारा पत्ता मिळत नाही. त्यामुळे जो संच बाहेरून हाक मारून उघडावा लागतो तो दुसऱ्या वाटेवर सापडणार नाही. जो संच स्वतःच बाहेर जोडणी करतो तोच घ्यावा.

दोन्ही जोडण्या एकाच वेळी चालवून वेग दुप्पट करावा असा मोह होतो. पॅकहाऊससाठी मी तो सल्ला देणार नाही. एकाच कामाच्या विनंत्या दोन वेगवेगळ्या पत्त्यांवरून जाऊ लागल्या की बँकेची आणि काही शासकीय संकेतस्थळे मध्येच बाहेर काढतात.

आता दोन वाटा खरोखर वेगळ्या आहेत का, ते पाहा. दोन कंपन्यांच्या तारा एकाच खांबांवरून आल्या असतील तर एकाच फांदीने दोन्ही जातात. गावातला मोबाईलचा मनोरासुद्धा त्याच रस्त्याच्या कडेच्या फायबरवर चालत असू शकतो. यासाठी एक बिनखर्ची निरीक्षण करावे. फायबर बंद पडेल त्या प्रत्येक दिवशी घरात व शेजारी कोणत्या कंपनीच्या मोबाईलवर इंटरनेट चालू होते, ते वहीत लिहावे. एका हंगामाच्या नोंदीवरून कोणते सिमकार्ड घ्यावे ते आपोआप ठरेल. मोडेम पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये, अँटेना बाहेर उंचावर मनोऱ्याच्या दिशेने लावावा. मोडेमच्या पानावर आरएसआरपी हा आकडा दिसतो, तो उणे १०० च्या खाली, म्हणजे उणे ११० वगैरे, असेल तर जागा बदलून पाहावी.

विजेशिवाय हे सर्व व्यर्थ आहे. शेतीपंपाच्या वाहिनीवर ठरावीक तासच वीज असते, म्हणून शक्य तेथे गावठाणाच्या सिंगल फेज वाहिनीवरून राऊटरला वीज द्यावी आणि सोबत बॅटरी ठेवावी. कंपनीची पेटी, राऊटर व मोडेम मिळून सुमारे २० वॅट धरले, तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर चार तास पुरते. शिशाची बॅटरी निम्मीच वापरणे हितकारक असल्याने दोन तास धरून चालावे. रात्रभराची सोय हवी असल्यास त्या हिशोबाने मोठी बॅटरी घ्यावी.

ज्यांचे काम दोन-चार संदेश व बाजारभाव पाहण्यापुरते आहे, त्यांनी या खर्चात पडू नये. त्यांना मोबाईलचा हॉटस्पॉट पुरतो.

वाट बदलली की मोबाईलवर निरोप येईल अशी व्यवस्था तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. ती नसेल तर फायबर तीन आठवडे बंद असूनही कोणाला कळत नाही, सर्व काम सिमकार्डवर चालू राहते आणि ज्या दिवशी त्याची मुदत संपते त्या दिवशी दोन्ही वाटा एकदम बंद होतात. पडून राहिलेल्या सिमकार्डचे रिचार्ज कधी संपते, तेही त्याच वहीत लिहावे.

महिन्यातून एकदा चाचणी घ्यावी. ती घेताना राऊटरची वायर काढू नये. कंपनीच्या पेटीतील फायबरचे टोक, जे बहुधा हिरव्या रंगाचे असते, ते हळूच काढावे. टोकात डोळा लावून पाहू नये आणि ते बोटाने पुसू नये. घड्याळ लावून किती वेळात मोबाईलवर निरोप येतो ते पाहावे, संचाचा ‘सर्व ठीक’ निरोप दुसऱ्या वाटेने आला का ते तपासावे, मग टोक परत बसवून राऊटर फायबरवर परतल्याची खात्री करावी. या कामाला पंधरा मिनिटे लागतात. द्राक्ष बागायतदारांनी ऑक्टोबर छाटणीच्या आधी एक चाचणी घ्यावी आणि जानेवारीत पहिली गाडी भरण्यापूर्वी दुसरी. हरितगृहधारकांनी मार्चअखेरची चाचणी चुकवू नये.