‘त्यांना सांगू नका हं, डॉक्टर’



या व्याख्यानासाठी संयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी ‘मोठ्या आजारात रुग्णाची इच्छा’ असं सांगितलं. पलीकडे जरा शांतता पसरली. मग ते म्हणाले, “डॉक्टर, उन्हाळ्यात लोक संध्याकाळी गार वाऱ्याला येतात हो. मधुमेहावर बोलता का?” मधुमेहावर मी रोज सकाळी नऊ ते एक बोलतोच. शिवाय पुढच्या दोन रांगांत माझेच पेशंट बसलेत, त्यांना आता उठून जाता यायचं नाही.

पस्तीस वर्षं मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतोय. घरी जाऊन पेशंट बघायची माझी जुनी खोड आहे. बघून झालं, चपला पायात सरकवल्या, की घरातलं कुणीतरी अंगणापर्यंत सोडायला येतं आणि आवाज खाली आणून म्हणतं, “त्यांना सांगू नका हं, डॉक्टर.” मुलगा वडिलांबद्दल म्हणतो, सून सासूबद्दल म्हणते, नवरा बायकोबद्दल म्हणतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. माणूस खचेल, जेवण सोडेल, ही धास्ती खरी असते. पण गंमत बघा. त्या माणसाला तुम्ही रातराणीनं मुंबईला नेलेलं असतं. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत सतरंजी टाकून आठ दिवस ठेवलेलं असतं. पहाटे उठवून परळला टाटा रुग्णालयाच्या रांगेत उभं केलेलं असतं. आपल्याकडे ‘टाटाला नेलं’ एवढं म्हटलं की आजाराचं नाव सांगावं लागत नाही, शेजारच्या आळीलाही नाही. आणि घरच्यांची समजूत अशी, की ज्याला नेलं त्याला तेवढं कळलेलं नाही.

असाच एक गृहस्थ माझ्याकडे होता. गिरणीवाला. पिठाची गिरणी, घराला लागूनच. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. हा आजार पोटातून पाठीत असा आर घुसवतो की माणूस पुढे वाकून, उशी पोटाशी धरून बसून राहतो. मुलानं अंगणात नेहमीचं वाक्य म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा मुलगा दळण घालत होता. मी पुस्तकात शिकवतात तसं विचारलं, “दुखणं दहापैकी किती?” म्हातारा म्हणाला, “डाक्टर, धाचं आपल्याला कळत न्हाई. मापात सांगतो. दिवसा पायलीभर, रात्रीचं दीड पायली.”

तोवर त्याला वेदनेवर काय मिळत होतं? एक साधी गोळी, आणि फार कळवळला तर इंजेक्शन. मॉर्फिन आमच्या तालुक्यात एकाही दुकानात नव्हतं. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो. अफूचं पीक आपल्याच देशात, मंदसौर-नीमचकडे, सरकारी परवान्यानं निघतं. नीमचला सरकारी कारखाना आहे. आणि इथला माणूस रात्र रात्र उशीवर डोकं आपटतो. 1985 साली अमली पदार्थांचा कायदा आला. त्याचा रोख चोरट्या व्यापारावर होता, पण परवान्यांच्या जंजाळात औषध दुकानांनी आणि दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. डॉक्टरांची एक पिढी ते न हाताळताच डॉक्टर झाली. मीही त्यांतलाच. 2014 मध्ये कायदा दुरुस्त झाला, मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मंजुरी पुरेशी ठरली. कायदा सुधारला, पण हाताची सवय सुधारायला वेळ लागतो. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’, ‘सवय लागेल’ असं लोक म्हणतात, आणि डॉक्टरही म्हणतात. कॅन्सरच्या वेदनेसाठी नीट मात्रेत दिलेल्या मॉर्फिननं माणूस सहसा व्यसनी होत नाही, तो झोपतो आणि सकाळी उठून चहा मागतो.

गोळ्या पुण्याहून आणवल्या. दर चार तासांनी एक, आणि झोपताना दोन, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. सोबत पोट साफ राहायचं औषध, ते विसरलं तर मॉर्फिनचं नाव बदनाम होतं. पाचव्या दिवशी मी विचारलं, “आज किती?” म्हातारा सरळ बसला होता. म्हणाला, “चिपटंभर आसंल.” तरुण मंडळींसाठी सांगतो, एका पायलीत सोळा चिपटी.

आता मला जे म्हणायचंय ते इथे येतं. पायलीभर दुखत असताना त्या माणसाला ‘तुमची इच्छा काय’ असं विचारलं असतं, तर तो एकच म्हणाला असता: सोडवा. आणि ती इच्छा म्हणजे दुखणंच, माणसाच्या तोंडून बोलणारं. दुखणं चिपट्यावर आल्यावर जे तो बोलला, ते त्याचं बोलणं. म्हणून वेदना आधी, विचारणं मग, आणि कागदपत्रं सर्वांत शेवटी. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. वर्तमानपत्रात इच्छामरणावर वाद आणि घरात मॉर्फिन नाही.

अशा सेवेला इंग्रजीत ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात. त्याचं मराठी काय, असं मला विचारतात. परिहारक सेवा, उपशामक उपचार, अशी भाषांतरं आहेत. चांगली आहेत, पण जिभेवर बसत नाहीत. माझ्या मते आपल्याकडे जुनाच शब्द आहे: शुश्रूषा. श्रु म्हणजे ऐकणे, आणि शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. संस्कृतात त्याचा अर्थ सेवेकडे वळला आणि आपण तर तो थेट पट्ट्या बांधण्यापर्यंत नेला, पण मुळात कान आहे.

लंडनच्या सिसिली सॉन्डर्स या बाईंनी हेच केलं. त्या आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका. पाठदुखीनं नर्सिंग सुटलं. 1948 मध्ये डेव्हिड टास्मा नावाचा, वॉर्सातून आलेला एक ज्यू रुग्ण त्यांच्या देखरेखीखाली वारला. जाताना त्यानं 500 पौंड ठेवले, तुमच्या घराला एक खिडकी म्हणून. घर तेव्हा नव्हतंच. बाई मग डॉक्टर झाल्या, वयाच्या चाळिशीकडे, आणि 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या शुश्रूषेचं घर, उघडलं. रुग्णांजवळ बसून, टिपणं काढून त्या ‘संपूर्ण वेदना’ या कल्पनेपर्यंत आल्या. अंग दुखतं, त्याच्यात पैशाची काळजी मिसळते, मुलीचं लग्न मिसळतं, ‘मी असं काय केलं होतं’ हा प्रश्न मिसळतो. गोळी त्यातल्या एकाच भागाला लागू पडते.

आपल्याकडे पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला निघालं, डॉ. एल. जे. डिसूझा यांचं शांती आवेदना, 1986 मध्ये. पुढे गोव्यात लोटलीलाही. पुण्याला वारज्यात सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. तिथे पैसे घेत नाहीत, आणि नातेवाइकाला सोबत राहू देतात. पण इमारतींनी हे काम भागायचं नाही, हे केरळनं ओळखलं. 1993 मध्ये कालिकतला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि मंडळींनी वैद्यकीय महाविद्यालयात छोटंसं केंद्र सुरू केलं. पुढे ते काम गल्लीगल्लीत गेलं. शिक्षक, रिक्षावाले, घरच्या बायका स्वयंसेवक झाल्या. नर्स घरी येते, जखम धुते, नळी बदलते, आणि शेजारीण तिच्याकडून ते शिकते. 2008 मध्ये केरळ सरकारनं त्यासाठी धोरणच केलं. आपल्याकडे गणपतीची वर्गणी गोळा करणारं मंडळ प्रत्येक आळीत आहे. मी एवढंच म्हणून पुढे जातो.

लोकांचा समज असा, की ही सेवा घेतली म्हणजे उपचार सोडले. 2010 मध्ये बोस्टनच्या डॉ. टेमेल आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांचा अभ्यास छापला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यांच्या जोडीनं पहिल्यापासून पॅलिएटिव्ह सेवा. दुसऱ्या गटानं शेवटी शेवटी जालीम उपचार कमी घेतले. जगले मात्र ते जास्त. मध्यक 11.6 महिने, पहिल्या गटाचा 8.9.

हे सगळं मला आज माहीत आहे. आईच्या वेळी माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही, कारण डॉक्टर मी तेव्हाही होतो. ती चौऱ्याऐंशीची. फुप्फुसं वर्षानुवर्षं खराब होत गेलेली. एका रात्री दम लागला. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेली आणि श्वासाच्या यंत्रावर ठेवायच्या कागदावर मी सही केली. अकरा दिवस. नळी उपसू नये म्हणून दोन्ही मनगटं पट्टीनं पलंगाला बांधलेली. भेटायची वेळ दहा मिनिटं. ती उजव्या हाताची बोटं हलवायची, लिहायला काहीतरी दे अशी खूण करायची. मी ‘आराम कर’ म्हणायचो. दवाखान्याला दोष देत नाही, त्यांनी मला विचारलं होतं. मी तिला विचारलं नव्हतं. त्याआधी दहा वर्षं ती दर चातुर्मासात मला म्हणायची, “माझं एकदा ऐकून घे,” आणि मी विषय बदलायचो. अभद्र बोलू नकोस म्हणायचो.

माणसाला काय हवं ते ओळखायचं कसं, यावर एक जुनी गोष्ट आहे. ‘इच्छामरण’ हा शब्द भीष्मांचा. पण भीष्मपर्वात शरशय्येवर खरोखर काय घडतं ते आठवून पाहा. बाण काढणारे वैद्य सामग्री घेऊन येतात. भीष्म म्हणतात, यांना धन देऊन मानानं परत पाठवा. डोकं लोंबकळतंय, तर राजे मऊ उशा घेऊन धावतात. त्या ते नाकारतात. मग अर्जुनाकडे बघतात, आणि अर्जुन तीन बाण मारून त्यांचं डोकं उचलून धरतो. पाण्याचंही तेच. सगळ्यांचे घडे परत जातात. प्रेम सगळ्यांचंच होतं. या माणसाला उशी कशाची लागेल, हे एकाला कळलं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. 27 नोव्हेंबर 1973 ला तिथेच त्यांच्यावर पाशवी हल्ला झाला आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे 18 मे 2015 पर्यंत, त्या तिथेच भान हरपून पडून होत्या. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना मरू द्यावं, ही त्यांच्यासाठी केलेली मागणी फेटाळली. केईएमच्या परिचारिकांनी, पिढ्या बदलल्या तरी, त्यांना बेडसोअर होऊ दिला नव्हता, आणि यांना जगू द्या, हे परिचारिकांचं म्हणणं कोर्टानं मानलं. त्याच निकालानं कृत्रिम आधार काढून घेण्याचं दार मात्र किलकिलं केलं. 9 मार्च 2018 ला घटनापीठानं सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली. विष टोचण्याला नव्हे. बरं होण्याची आशा नसताना यंत्रं लावू नका किंवा काढा, एवढंच सांगण्याला. पण न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही वगैरे अटी इतक्या जाचक होत्या की कागद कुणी करेना. 24 जानेवारी 2023 ला त्या सैल झाल्या. आता दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि तुमच्या वतीनं बोलणाऱ्या माणसांची नावं. पुढे वेळ आलीच, तर डॉक्टरांची दोन मंडळं पाहणी करतात. गोव्यात 2024 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र करून सुरुवात करून दिली. मीही केलंय. पत्नी साक्षीदारांना चहा देताना म्हणाली, “घराच्या कर्जाला याहून जास्त सह्या लागल्या होत्या.”

कागदापेक्षा नावं महत्त्वाची, आणि नावांपेक्षा त्यांच्याशी झालेलं बोलणं. अतुल गावंडे यांच्या वडिलांचं उदाहरण घ्या. आत्माराम गावंडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे, अमेरिकेत ओहायोत मूत्ररोगाचे सर्जन. मानेतल्या मज्जारज्जूत गाठ निघाली. दोन नामांकित सर्जन गाठले. एक प्रश्नांना वैतागला. दुसरा शांतपणे बसला आणि या माणसाला मरणापेक्षा हातपाय लुळे पडण्याची भीती जास्त आहे हे त्यानं ओळखलं. वडिलांनी तो दुसरा निवडला. शस्त्रक्रिया लांबवली, शेवटी हॉस्पिसची नर्स घरी येऊ लागली. मुलगा जगप्रसिद्ध सर्जन, तरी बापाला काय हवंय हे विचारायला आपली जीभ अडली, असं तो ‘बीइंग मॉर्टल’मध्ये लिहितो. ते वाचून मला थोडं बरं वाटलं.

गिरणीवाल्याकडे परत जातो. दुखणं चिपट्यावर आल्यावर मी दार लोटून घेतलं आणि विचारलं, “आजाराबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे?” तो म्हणाला, “परळास्नं आलोय. आडाणी न्हाई मी.” मुंबईला दर पंधरवड्याला जाऊन केमो घेतली तर थोडे महिने वाढतील, कदाचित, असं तिथल्या डॉक्टरांनी मुलाला सांगितलं होतं. तो हिशेब मी त्याच्यापुढे ठेवला. त्यानं विचारलं, “त्यातलं यष्टीत किती जाणार?” मी म्हटलं, बरंच. त्यानं मुलाला हाक मारली. मुलगा पिठानं पांढरा झालेला दारात उभा राहिला, आणि बापानं त्याला सांगितलं की आता मुंबई नाही. मुलगा रडला. म्हाताऱ्यानं त्याला रडू दिलं आणि मग गिरणीच्या थकलेल्या उधारीची वही मागवली. कुणाचं सोडायचं, कुणाचं मुळीच नाही, ते दोघं संध्याकाळपर्यंत ठरवत होते.

पुढे तो दोन महिने होता. बाज गिरणीच्या भिंतीला लागून टाकलेली. शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मी नाडी बघत होतो, पलीकडे दळण चालू होतं. त्यानं माझा हात बाजूला केला, मान भिंतीकडे वळवली आणि बराच वेळ तसाच राहिला. मला वाटलं, काही दुखतंय. मग म्हणाला, “दगड बसलाय. टाकी लावाय पायजे.” मुलानं पट्टा उतरवला, वरचा दगड उचलून पाहिला. खरंच गुळगुळीत झाला होता. दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून टाकी लावून घेतली आणि पहिलं दळण ज्वारीचं टाकलं. म्हाताऱ्यानं भिंतीला कान लावला. म्हणाला, “हां. आता येतंय.”